परतलेले रान आणि त्यातील फुलपाखरे

चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० पासून ते कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथील गावे उठून इतरत्र वसली. मोकळ्या शेतांवर आधी गवत आले, मग झुडपे, कोठे कोठे झाडे. तेथे खरोखर अरण्य परतले की केवळ हिरवळ, हे विचारण्याचा पहिला अधिकार घरदार सोडून गेलेल्यांचा आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस फुलपाखरे फार विश्वासू साक्षीदार वाटतात.

सुरवंट वाटेल ते पान खात नाही. मादी पायांनी पानाची चव घेते आणि ओळखीच्या वनस्पतीवरच अंडे घालते. रुईवर वाढणारे नारिंगी फुलपाखरू किंवा टाकळ्यावरची लहान पिवळी फुलपाखरे ही उघड्या, पडीक जमिनीची मंडळी. त्यांच्या झुंबडीवरून रान सुधारले असे मानणे भोळेपणाचे होय. अर्धवट वाढलेल्या रानात ऊन-सावली दोन्ही असल्याने प्रजातींची संख्या कधी कधी दाट अरण्याहूनही अधिक भरते. म्हणून किती प्रजाती आहेत, यापेक्षा कोणत्या आहेत हे पाहावे.

पंख मिटताच हुबेहूब वाळके पान होणारे एक निळे फुलपाखरू सह्याद्रीत आढळते. त्याचा सुरवंट कारवी व तिच्या गणगोतावर पोसला जातो. मोठेपणी ते फुलांकडे सहसा फिरकत नाही. झाडांचा पाझरता रस आणि कुजकी फळे यांवर जगते. खाली कारवी, वर जुनी झाडे, मध्ये ओलसर सावली, असे सारे जमले तरच ते टिकते. निलगिरीची लागवड दुरून कितीही हिरवी दिसो, हा संसार तेथे उभा राहत नाही.

२०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताबाबत मात्र सावध राहावे. ते दूरवर उडते, बागेतही येते, लिंबावरही वाढते. रानातील माकडलिंबावर त्याचा सुरवंट सापडला, तर तो पुरावा अधिक बळकट.

नोंदीची रीत सोपी आहे. ब्रिटनमध्ये १९७६ पासून ती चालू आहे. ठरलेली वाट, ठरलेला वेळ, उन्हाचा दिवस आणि एक वही. काही पकडावे वा मारावे लागत नाही. आपल्याकडे पावसाळा सरल्यानंतरचे दोन महिने उत्तम. सुरवंट दिसलेल्या झाडाचे नाव अवश्य लिहावे. मुलांना ते ठाऊक नसल्यास आजी-आजोबांना विचारावे, विशेषतः त्या उठलेल्या गावांतल्या.