पिशवीवरचं गाव

आमच्या इंझोरीची तूर कारंजाच्या बाजार समितीत उतरली की ती इंझोरीची राहत नाही. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून ओल बघतो, भाव बोलतो. पुढं ती कोणत्या डाळमिलला गेली, कुणाच्या वरणात पडली, आम्हाला पत्ता नाही. तीस वर्षं तूर विकली, पण "तुमची तूर चांगली नव्हती" असं खाणाऱ्यानं एकदाही सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

वऱ्हाडात ही रीत जुनीच. इंग्रजांच्या काळात इकडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणून ओळखला जायचा. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. मोठी पेठ तिथं, म्हणून नाव तिचं. मूर्तिजापूरहून कारंजावरून यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे किलिक निक्सन या विलायती कंपनीनं टाकली, तीही कापूस वाहायला. कापसाला नाव मिळालं, गाडी मिळाली. ज्या गावांनी तो वेचला, त्यांची नावं गाठीवर कधी आली नाहीत.

बचत गटातल्या आम्ही बायकांनी डाळ करायला घेतली, तेव्हा हे काही डोक्यात नव्हतं. तुरीला तेल-पाणी लावायचं, उन्हात वाळवायची, भरडायची, पाखडायची. शंभर किलो तुरीतून सत्तर किलोच्या आसपास डाळ, बाकी चुनी आणि टरफल, ते ढोरांना. पहिल्या पिशवीवर आम्ही छापलं: 'शुद्ध, अस्सल, उत्तम'. प्रदर्शनात बाजूच्या चार टेबलांवरही हेच तीन शब्द होते! आमच्याकडं तर गिऱ्हाईक बघतसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या छपाईत शब्द काढले आणि गाव टाकलं: इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम. पत्ता आणि तक्रारीचा नंबर कायद्यानंही लागतोच. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, हेही. आम्ही मात्र फोन नंबर बारीक अक्षरात कोपऱ्यात न दडवता मोठा छापला.

मग फोन आला. पुण्याची एक बाई. "तुमची डाळ शिजतच नाही हो, गॅस किती जाळायचा?" गटात एकच धुसफूस. एक जण म्हणाली, "मंग पॉलिशची घे म्हना तिले." मी पुण्याच्या बाईंना विचारलं, पाणी कोणतं? बोअरचं. जड पाण्यात डाळ उशिरा शिजते, हे आमच्या विहिरीवर शिकलेलं. भिजत घाला म्हटलं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन: झालं, अजून पाच किलो पाठवा. पुढच्या पिशवीवर ओळ वाढली: 'अर्धा तास भिजवा, मग शिजवा.' मशीन नाही, कर्ज नाही, तरी तक्रारी कमी झाल्या. नवं काही करायचं म्हणजे मोठा शोध लावावा लागतो, असं मला तोवर वाटायचं.

नागपूरचं किराणा दुकान सोडून मुंबईला गेलेल्या केशव पेंढरकरांनी १९५२ साली 'विको' कंपनी काढली, तीही अशीच, मोठ्या शोधावाचून. दंतमंजन त्यांनी आणि मुलांनी दारोदार फिरून विकलं. नंतर ट्यूबमध्ये हळद भरली. हळद कोणत्या घरात नसते? पण ती कालवावी लागते, अंग पिवळं होतं. लोकांनी पैसे दिले ते ही कटकट गेली म्हणून. आमची भिजवायची ओळ त्यापुढं किरकोळ, पण जात एकच.

भावात मात्र आम्ही बराच काळ चुकलो. तुरीचा भाव अधिक पिशवी, एवढंच धरायचो. तीस किलोची घट आणि उन्हात घातलेले आमचे दिवस कुणी मोजलेच नव्हते. मोजले, तेव्हा किलोमागं भाव वाढवावा लागला. काही गिऱ्हाइकं गेली. पुण्याची बाई राहिली. परवा तिनं विचारलं, "इंझोरी नेमकं येतं कुठं हो? यायचंय एकदा बघायला." तूर काढणीला या म्हटलं, जानेवारीत.