जुनी मोटार आणि नोकरदाराचा हिशेब

सकाळी साडेसहाच्या सुमारास धुळ्याच्या पारोळा चौफुलीवर किंवा जळगावच्या खोटेनगर थांब्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर खानदेशातील मध्यमवर्गाचे खरे दर्शन घडते. हातात जेवणाचा डबा, खांद्याला पिशवी आणि नजर रस्त्याच्या टोकाकडे लागलेली, अशी माणसे तेथे घोळक्याने उभी असतात. कोणी जिल्हा परिषद शाळेतील गुरुजी, कोणी तहसील कचेरीतील कारकून, कोणी महाविद्यालयात निघालेला विद्यार्थी. एस.टी. आली तर एस.टी., नाही तर काळीपिवळी, आणि तीही मिळाली नाही तर एखाद्या मालमोटारीच्या चालकाची मेहेरबानी. ‘अपडाऊन’ हा शब्द मूळचा परका खरा. पण आमच्याकडे तो असा काही रुळला आहे की, सोयरीक जुळविताना मुलगा नोकरीच्या गावी राहतो की अपडाऊन करतो, हेही आवर्जून विचारले जावे.

या घोळक्यातून अलीकडे एकेक माणूस कमी होताना दिसतो. त्याची बदली झालेली नसते, की त्याने नोकरीच्या गावी बिऱ्हाड केलेले नसते. त्याने जुनी मोटार घेतलेली असते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचे मॉडेल, दोन-तीन मालकांच्या हातून गेलेले, रंग नवा पण आवाज जुना. किंमत एखाद्या नव्या मोटारसायकलीएवढी. शेजारीपाजारी म्हणतात, ‘सर आता चारचाकीवाले झाले.’ सर मात्र जाणून असतात की, ही श्रीमंतीची खूण नसून निरुपायाची आहे.

या निरुपायाचे मूळ भूगोलात आणि इतिहासात आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव एकाचे, तर धुळे दुसऱ्याचे मुख्य ठाणे ठरले. कचेऱ्या, शाळा, महाविद्यालये या दोन शहरांभोवती वाढली. परंतु त्यांना थेट जोडणारा लोहमार्ग काही झाला नाही. १९०० साली धुळ्याला आगगाडी आली ती चाळीसगावहून. जळगावहून निघणारा ताप्ती खोऱ्याचा मार्ग धरणगाव, अमळनेर, नंदुरबार करीत सुरतेकडे जातो. म्हणजे आगगाडीने जळगावहून धुळ्याला जायचे, तर आजही चाळीसगावाला वळसा आलाच. उरला तो एरंडोल-पारोळ्यावरून जाणारा सुमारे ९० किलोमीटरचा महामार्ग. त्याचे चौपदरीकरण कित्येक वर्षे रेंगाळले, आणि बांभोरीजवळच्या गिरणा पुलावर खोळंबून राहण्याचा अनुभव जळगावच्या नोकरदाराला सांगावयास नको. हा सारा भार एस.टी.च्या शिरावर पडला. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडाशी एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. संपकऱ्यांच्या मागण्यांमागील हलाखी खोटी नव्हती. परंतु त्या पाच-साडेपाच महिन्यांत अपडाऊन करणाऱ्यांना जो धडा मिळाला, तो ते विसरलेले नाहीत. प्रस्तुत लेखकाने जुनी मोटार घेतली ती त्याच हिवाळ्यात.

गाडीची किंमत आणि गाडीचा खर्च

लेखक धुळ्यास राहतो आणि पारोळ्यापलीकडच्या एका खेड्यात शिकवितो. जाण्याचे ४० आणि येण्याचे ४० असे रोजचे ८० किलोमीटर. गाडी ८५ हजारांत पडली. ‘एवढ्यात चार चाके मिळाली’ म्हणून घरी पेढे आणले गेले. हिशेब मांडला तो पुढे सहा महिन्यांनी, आणि तो आधी मांडावयास हवा होता. महिन्याचे कामाचे २४ दिवस धरले तर १,९२० किलोमीटर होतात. जुनी गाडी लिटरला १६ किलोमीटर चालली, तर १२० लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०५ रुपये धरले, तरी महिन्याचे १२,६०० रुपये झाले. सात महिन्यांत पेट्रोलचा खर्च ८८ हजारांवर जातो. म्हणजे गाडीची सारी किंमत सात महिन्यांतच पुन्हा एकदा मोजावी लागते, आणि पुढे दर सात महिन्यांनी मोजतच राहावी लागते. गाडी घेताना घासाघीस करून पाच हजार कमी केल्याचा आनंद या हिशेबापुढे किती टिकणार?

वर्षाकाठी सुमारे २३ हजार किलोमीटर चालणे हे नव्या गाडीलाही हलके काम नव्हे. म्हाताऱ्या इंजिनाला तर ते शिक्षेसारखे आहे. त्यातून आमचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या मुलखात गाडीचा पहिला शत्रू उष्णता होय. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतलेले असले, की आत क्षार साचतात, नळ्या बुजतात, इंजिन तापते आणि एके दिवशी हेड गॅस्केट उडते. लेखकाच्या गाडीचे ते दहावीच्या परीक्षेच्या दिवशी, पारोळ्याच्या अलीकडे उडाले. पर्यवेक्षणाला पोहोचण्यास पाऊण तास उशीर झाला, लेखी खुलासा द्यावा लागला, आणि मिस्तरीचे बिल आले ते महिन्याच्या पेट्रोलहून अधिक. ‘विकणाऱ्याने सांगितले नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नव्हता. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते का, धूर सतत पांढरा येतो का, हे घेणाऱ्यानेच पाहावयाचे असते. पांढरा धूर पाणी आत शिरल्याचे सांगतो, निळसर धूर ऑइल जळत असल्याचे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असे असेल तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनले. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते, आणि तापलेल्या महामार्गावर ते केव्हा फुटेल याचा नेम नसतो. मीटरचा आकडा मागे फिरविता येतो. टायरवरचा हा आकडा सहसा खोटे बोलत नाही.

नव्या काळाने यात आणखी भर घातली आहे. २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. ऊस व मका पिकविणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे, आणि त्याबद्दल खानदेशाने नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्या या मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलपेक्षा कमी असल्याने सरासरी थोडी घटते, आणि जुन्या रबरी नळ्या व गॅस्केटे वेळेवर बदलून घ्यावी लागतात. फेरनोंदणीचेही तसेच. खाजगी मोटारीचे पासिंग पंधरा वर्षांचे. ते संपले की तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावयाचे. त्याचे शुल्क ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये १०,००० करण्यात आले. पर्यावरण कर निराळाच. पासिंग संपत आलेली गाडी स्वस्त मिळते, ती का, हे यावरून उमगावे.

कागदोपत्री मालक कोण?

इंजिन बिघडले तर पैसे जातात. कागद बिघडले तर माणूस अडकतो. आमच्याकडे जुनी गाडी घेताना सह्या केलेले २९ व ३० क्रमांकाचे कोरे फॉर्म खिशात घालून फिरण्याची रीत आहे. ‘नावावर करू सावकाश’ असे म्हणत ती गाडी तिसऱ्याकडे जाते, तिसऱ्याकडून चौथ्याकडे. कायदा मात्र सावकाशपणाला वाव देत नाही. एकाच कार्यालयाच्या हद्दीत विक्री झाली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशाच हात बदलत गेलेल्या एका मोटारीच्या अपघात प्रकरणात स्पष्ट केले की, ज्याच्या नावावर नोंद तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईचे दायित्वही त्याचेच. गाडी विकून मोकळा झालो असे समजणाऱ्या कित्येक सज्जनांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा. घेणाऱ्यानेही आर.सी.वर कर्जाचा बोजा आहे का, हे आधी पाहावे. लेखकाच्या गाडीचे कर्ज फिटलेले होते, परंतु नोंदीवरील बोजा उतरविलेला नव्हता; आणि पूर्वीचा मालक सुरतेस स्थायिक झालेला. त्याच्या एका सहीसाठी तीन खेपा झाल्या.

याहून महत्त्वाची गोष्ट विम्याची. खर्चाच्या ओझ्यावर नोकरदारांनी काढलेला उपाय म्हणजे चौघांनी मिळून एका गाडीने जाणे. वरील हिशेबाचे चार वाटे केले, तर प्रत्येकी ३,१५० रुपये पडतात आणि गोष्ट आटोक्यात येते. उपाय शहाणपणाचा आहे. परंतु जुन्या गाडीचा विमा बहुधा कायद्यापुरता, म्हणजे केवळ ‘थर्ड पार्टी’ काढलेला असतो. गाडीतून फुकट किंवा स्नेहापोटी नेलेला सहप्रवासी अशा विम्याच्या संरक्षणात येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मांडले. उद्या दुर्दैवाने काही घडले, तर मागच्या बाकावरील दोन शिक्षिकांच्या घरच्यांना विमा कंपनीकडून काही मिळणार नाही, आणि भरपाईचा बोजा येईल तो रोज त्यांना घेऊन जाणाऱ्या मित्राच्या डोक्यावर. सर्वंकष विम्यात गाडीतील माणसांनाही संरक्षण मिळते. त्याचा हप्ता जास्त असतो, तो चौघांनी वाटून घ्यावा. पेट्रोलचे पैसे पै-पैने वाटून घेणारी आपण माणसे. जोखीम मात्र एकट्यावर टाकतो आणि तिची वाच्यताही करीत नाही.

हरवलेली संध्याकाळ

‘नोकरीच्या गावी राहा, म्हणजे मोटार लागणार नाही,’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत असताना छात्रालयात विद्यार्थ्यांसमवेत राहत, हा दाखला खानदेशातील शिक्षकाला जन्मभर ऐकावा लागतो. दाखला खरा आहे आणि तो मनाला लागतोही. शेवटची घंटा झाली की गाडीच्या किल्ल्या चाचपणाऱ्या शिक्षकाला मुलांची संध्याकाळ दिसत नाही. कोणाच्या घरी दिवा नाही, कोण शेतावरून रात्री परततो, हे त्याला कळत नाही. हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत येत नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. पती एका तालुक्यात नोकरीला, पत्नी दुसऱ्या तालुक्यात; वृद्ध आईवडिलांचा दवाखाना शहरात, मुलांचे शिक्षण शहरात; आणि खेड्यात भाड्याने धड खोली मिळण्याची मारामार. शासनाने मुख्यालयी राहण्याची सक्ती करावयाची आणि राहण्याजोगे घर मात्र द्यावयाचे नाही, यातून दोन्ही बाजूंना खोटे बोलण्याची सवय तेवढी लागते.

तेव्हा प्रश्न मोटारीचा आहेच, पण त्याहून अधिक तो एस.टी.च्या वेळापत्रकाचा आहे. मासिक पासात २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस प्रवास होतो. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. एवढ्या पैशांत कोणतीही जुनी मोटार चालणार नाही. उणीव आहे ती भरवशाची. शाळा भरण्यापूर्वी पोहोचविणारी एक आणि सुटल्यावर परत आणणारी एक, अशा दोन गाड्या प्रत्येक मोठ्या गावाला ठरलेल्या वेळी मिळाल्या, मार्चमध्ये सकाळच्या शाळा सुरू झाल्या की त्यांच्या वेळाही बदलल्या, तर निम्म्याहून अधिक नोकरदार आपली गाडी रविवारपुरती ठेवतील. ही मागणी मोठी नाही. शिक्षक व कर्मचारी संघटनांनी वेतनश्रेणीबरोबर आगाराच्या वेळापत्रकाचाही आग्रह धरावा आणि दर सहा महिन्यांनी आगारप्रमुखांसमोर बसून तो तडीस न्यावा.

तोपर्यंत जुन्या मोटारी घेतल्या जाणारच. घेणाऱ्याने निदान गाडीबरोबर विश्वासातला मिस्तरी न्यावा, नाव लावल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नयेत, आणि सोबत्यांसह सर्वंकष विमा काढावा. लेखकाच्या गाडीचे पासिंग पुढल्या वर्षी संपते. शुल्क भरून ते वाढवावे की गाडी मोडीत काढावी, याचा विचार घरात चालू आहे. मुलीने परवा विचारले, ‘बाबा, तुमच्या शाळेला सकाळी बस नाही का?’ आहे, पण ती येईलच, असे तिला छातीठोकपणे सांगता आले नाही.