कापलेल्या कोपऱ्यांचं शहर

बार्सिलोनाचा विमानातून काढलेला एखादा फोटो नीट बघा. समुद्राकाठी जुन्या शहरातल्या गल्ल्यांचा गुंता दिसतो, आणि त्याच्यामागे पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारतींचे एकसारखे शेकडो ठोकळे. लांबून ते चौकोनी वाटतात, पण प्रत्येकाचे चारही कोपरे छाटलेले आहेत! या भागाचं नाव एशाम्पला. ठोकळ्याची बाजू ११३ मीटर, बहुतेक रस्ते २० मीटर रुंद, आणि छाटलेला कोपराही साधारण तेवढाच लांब. त्यामुळे दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे एकदम एक प्रशस्त अष्टकोन उघडतो. असा एक कोपरा बघून माणूस थक्क होतो; इथे ते शेकड्यांनी आहेत.

हे समजायला १७१४ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी बूर्बों राजाच्या सैन्याने बार्सिलोना जिंकलं, आणि पुढे शहराच्या तटाबाहेर तोफेच्या टप्प्यात घर बांधायला बंदी आली. माणसं वाढत गेली, जागा मात्र तेवढीच. मजल्यांवर मजले चढले, गल्ल्यांमध्ये ऊन पोचेना, कॉलऱ्याच्या साथींनी हजारो माणसं नेली. १८५४ मध्ये तट पाडायला सुरुवात झाली, तेव्हा शहराने किती मोठा श्वास घेतला असेल!

मोकळ्या झालेल्या जमिनीचा आराखडा इल्देफोन्स सर्दा या अभियंत्याचा, १८५९ सालचा. नगरपालिकेला दुसऱ्याच एका वास्तुविशारदाचा आराखडा आवडला होता; सर्दांचा आराखडा माद्रिदच्या सरकारने लादला. मला मात्र हा माणूस फार मोठा वाटतो. कामगारांच्या वस्त्यांत घरं कशी आहेत, माणशी हवा किती मिळते, याचा हिशेब त्यांनी आधी मांडला आणि मगच रस्ते आखले. सगळे रस्ते दिशांना तिरपे ठेवले, म्हणजे कुठलीही बाजू कायमची सावलीत राहणार नाही. ठोकळ्याच्या दोनच बाजू बांधायच्या आणि मध्ये बाग करायची, असं त्यांच्या मनात होतं. जमीनमालकांनी चारही बाजू बांधून काढल्या आणि बहुतेक बागा गेल्या. कोपरे तेवढे टिकले. वाफेवर चालणारी वाहनं एक दिवस याच रस्त्यांवरून धावतील, त्यांना वळायला आणि समोरचं दिसायला जागा हवी, म्हणून सर्दांनी ते छाटले होते. बेन्झच्या मोटारीचं पेटंट १८८६ चं, म्हणजे तब्बल २७ वर्षांनंतरचं.

अशाच एका कोपऱ्यावर वास्तुविशारद गाउदींनी १९०६ ते १९१२ या काळात ‘कासा मिला’ उभी केली. तिची दगडी दर्शनी भिंत लाटांसारखी वळत कोपरा ओलांडते. इमारतीचा भार आतल्या खांबांवर आणि तुळयांवर आहे, त्यामुळे आतल्या भिंती हव्या तिथे घेता येतात. ती डोळे भरून पाहिलीत की जरा पायाखालीही बघा. पसेच दे ग्रासिया या हमरस्त्याच्या फुटपाथवर षटकोनी फरशा आहेत, त्याही गाउदींच्याच नक्षीच्या. एकट्या फरशीवर समुद्रजीवांचे नुसते तुकडे दिसतात. सात फरशा शेजारी शेजारी बसल्या की चित्र पुरं होतं.

जुन्या शहरात सांता मारिया देल मार हे चर्च चुकवू नये. १३२९ मध्ये सुरू झालेल्या या बांधकामासाठी बंदरावरच्या हमालांनी मोंजुईक टेकडीवरचे दगड पाठीवरून वाहून आणले. मुख्य दारावर त्या हमालांच्या छोट्या आकृती आहेत. राजेरजवाड्यांऐवजी हमालांना दारावर मान देणारं मंदिर किती शहरांत सापडेल?

जेवणाचं सूत्र इथे साधं आहे. भाजलेल्या पावावर अर्धा कापलेला पिकला टोमॅटो, गर पावात मुरेपर्यंत घासायचा, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ. झालं, पा अम्ब तुमाकेत! एवढ्यावर जेवणाची सुरुवात होते. रविवारी दुपारच्या जेवणाआधी ऑलिव्ह आणि डब्यातल्या मासळीबरोबर व्हर्मूथ या वाइनचा ग्लास घेत गप्पा रंगतात. रात्रीचं जेवण नऊ-दहाला. त्यामागे घड्याळही आहे: १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळं तासभर पुढे केली गेली ती तशीच राहिली. त्यामुळे उन्हाळ्यात नऊ वाजताही उजेड असतो. नाइटक्लबांना खरी गर्दी होते ती मध्यरात्र उलटल्यावर.

माझ्या मते रात्र अनुभवावी ती मात्र ग्रासिया या भागात. १८९७ पर्यंत हे स्वतंत्र गाव होतं, म्हणून गल्ल्या अरुंद आणि मध्ये मध्ये छोटी मैदानं. तिथल्या पायऱ्यांवर, जमिनीवर बसून माणसं तासन्‌तास बोलत असतात. ऑगस्टमधल्या उत्सवात गल्लीगल्लीतले रहिवासी टाकाऊ बाटल्या, कागद, पुठ्ठे जमवून अख्खी गल्ली सजवतात. मग कुठली गल्ली सरस, याची स्पर्धा. गणपतीची आरास करण्यात रात्री जागवलेल्या कुणालाही ती चुरस ओळखीची वाटेल.

एशाम्पलाला अशी मैदानं नव्हती. अष्टकोन मोटारींनी व्यापले होते. २०२३ मध्ये कोन्सेल दे सेंत या रस्त्याचा बराच भाग पायी चालणाऱ्यांना दिला गेला आणि त्यावरच्या चार अष्टकोनांची मैदानं झाली. वाफेच्या गाड्या वळाव्यात म्हणून छाटलेल्या त्या कोपऱ्यांवर आता बाकं आहेत, झाडं आहेत, आणि मुलं खेळतात.