चांदवडचा रंगमहाल

लासलगावहून चांदवडला जाणं होतं ते रेणुकामातेच्या दर्शनाला, नाहीतर कांद्याची गाडी घेऊन. मुंबई-आग्रा रस्त्याला लागलं की नजर डोंगराकडे जाते आणि गावातला रंगमहाल राहून जातो. माझंही वर्षानुवर्षं हेच झालं. त्याची खंत वाटते, कारण आमच्या मुलखात होळकरांची याहून देखणी खूण मी पाहिलेली नाही.

सुभेदार मल्हारराव १७६६ मध्ये गेले. मुलगा खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात पडला होता. नातू मालेरावही फार जगला नाही. १७६७ पासून १७९५ पर्यंत दौलत मल्हाररावांच्या सून अहिल्याबाईंनी सांभाळली. त्या महेश्वरला, पेशवे पुण्याला, आणि चांदवड वाटेवर. इथे टांकसाळ होती, तिचा चांदवडी रुपया प्रसिद्ध होता. अशा गावातला वाडा नुसत्या मुक्कामासाठी बांधला असेल, असं मला वाटत नाही.

आत दरबारात गेलं की आवाज आपोआप खाली येतो. कोरीव लाकडी खांब, त्यांच्या माथ्यावरची नक्षी, भिंतींवरची चित्रं. पण मी आता आधी वर बघतो, छपराकडे. लाकडी वाड्याचा खरा वैरी पाणी. कौल सरकलं की पावसाचं पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी मुरतं, मागोमाग वाळवी येते. खांब बाहेरून धड दिसतो, ठोकला की पोकळ वाजतो. म्हणून दुरुस्ती छपरापासून व्हावी, नक्षीची पाळी नंतर. आणि भिंतीला सिमेंट नको. ते ओल कोंडून धरतं. चुना भिजवून मुरवायचा, घाण्यात मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी घालायचं. काम संथ आहे, खर्चाचं आहे, आणि तो हात असलेले गवंडी थोडे उरलेत. वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याला असा धीर मिळायलाच हवा.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांच्या हातून गेला. वाडा मात्र गावातच राहिला. २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं झाली. तेव्हापासून एक मागणं मनात आहे : इथल्या टांकसाळीतला एक तरी रुपया याच वाड्यात, काचेखाली, शाळेतल्या पोरांना दिसेल इतक्या खाली ठेवावा.