पोटाचं दुखणं आणि चारचौघं

रक्तदाब, साखर यांविषयी आपण चारचौघांत मोकळेपणानं बोलतो. गोळ्यांची नावं सांगताना थोडी ऐटही असते. संडासाविषयी मात्र कुणी बोलत नाही. बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याला दिवसातून चार-पाचदा उठावं लागे. कॅशियरनं उठायचं म्हणजे ड्रॉवरला कुलूप आणि समोरची रांग ताटकळत. त्याला कामचुकार ठरवायला कुणाला वेळ लागला नाही. पुढं त्यानं चक्क प्रमोशन नाकारलं. नव्या शाखेपर्यंत लोकलनं दीड तास, आणि आपल्या लोकलमध्ये संडास नसतो. अर्जात त्यानं कारण लिहिलं : 'घरगुती अडचण'.

या अडचणीचं नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आयबीएस. पोटात कळ येते, शौचाशी तिचा संबंध असतो. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, कधी दोन्ही आळीपाळीनं. २०१६ च्या 'रोम' निकषांप्रमाणे दुखणं तीन महिने, आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी असावं लागतं आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. दुर्बिणीची तपासणी केली तर आतडं स्वच्छ दिसतं. तिथंच घोटाळा होतो. रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत!' खेळ कसले? आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं, मेंदूशी त्याची सतत निरोपानिरोपी चालते. ती बिनसली की इतरांना जाणवतही नाही एवढ्या गॅसनं या माणसाला कळ येते. ताणानं ती वाढते, हे खरं. पण कित्येकांचं दुखणं एखाद्या जोरदार हगवणीनंतर सुरू झालेलं असतं.

मात्र शौचातून रक्त, वजनात घट, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार असेल, तर आयबीएस म्हणून स्वस्थ बसू नये. डॉक्टर गाठावा.

उपाय आहेत. इसबगोल आपल्या घरातलंच. नैराश्यावरचं जुनं औषध अॅमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत उपयोगी पडतं, असं इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवरच्या चाचणीत २०२३ साली दिसलं. अर्थात ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं 'लो फॉडमॅप' आहार मांडला. त्यात कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध काही आठवडे बंद करायचं, मग एकेक परत घेऊन कशानं त्रास होतो ते पाहायचं. जन्मभर सगळंच सोडायचं नाही. आहारतज्ज्ञ सोबत असलेला बरा. मराठी स्वयंपाकघराला कांदा-लसणीची ताटातूट जड जाते. पण कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. लसणीच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर वास तेलात राहतो, त्रास देणारी द्रव्यं पाकळीतच राहतात, कारण ती तेलात विरघळत नाहीत. भाकरी तर आहेच, ज्वारीची किंवा तांदळाची.