सोनपाठी सुतार ओळखावा कसा?

परभणी जिल्ह्यातील एखाद्या आमराईत उभे राहा. 'ठक्‌ ठक्‌' असा आवाज येतो. पाहावे, तर सोनेरी पाठीचा, तांबड्या तुऱ्याचा पक्षी खोडाला चिकटलेला! हा सुतारपक्षी खरा, पण कोणता?

नुसती सोनेरी पाठ पाहून नाव लिहू नका. सह्याद्रीच्या दाट जंगलातील मोठ्या सोनपाठी सुताराची पाठही सोनेरीच असते. पक्षी उडाला, की त्याची कंबर, म्हणजे शेपटीच्या मुळावरचा भाग पाहा. जंगलातल्या मोठ्या सुताराची कंबर तांबडी असते. आपल्या सपाटीवरच्या सोनपाठी सुताराची कंबर काळी असते. गळाही काळा, त्यावर पांढरे ठिपके. नराचे सारे डोके तांबडे. मादीचे कपाळ मात्र काळे व ठिपकेदार, तुरा तेवढा तांबडा.

सोनेरी रंगच नाही, पाठ काळी-पांढरी ठिपकेदार, कपाळ पिवळसर आणि आकार बुलबुलाहून जरा लहान, असे दिसले तर तो मराठा सुतार. लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८०१ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यातही 'मराठा' आहेच.

दोघेही खोडात वा फांदीत बीळ कोरून अंडी घालतात. वठलेले झाड 'निरुपयोगी' म्हणून तोडले, की त्यांची घरटी करण्याची जागा जाते. म्हणून वहीत पक्ष्याबरोबर झाडही नोंदवा. आणि कंबर दिसली नसेल, तर 'दिसली नाही' असेच लिहा. तीही शास्त्रीय नोंदच होय!