नॅटरजॅक आणि हलती वाळू

ब्रिटनच्या किनाऱ्यावर, विशेषतः लिव्हरपूलच्या उत्तरेस असलेल्या सेफ्टनच्या वाळूच्या टेकड्यांत आणि कम्ब्रियाच्या किनारपट्टीवर, नॅटरजॅक नावाचा टोड, म्हणजे कोरड्या, खरखरीत त्वचेचा व बराच काळ जमिनीवर राहणारा बेडूक, आढळतो. पाठीच्या मध्यावरून गेलेली पिवळी रेषा ही त्याची खूण होय; मागचे पाय आखूड असल्यामुळे तो उड्या न मारता उंदरासारखा धावतो.

या प्राण्याचे जीवन अस्थिर भूमीवर बेतलेले आहे. वाऱ्याने वाळू हलली की टेकड्यांमधील सखल भाग उघडे पडतात, हिवाळ्यात भूजल वर येऊन तेथे उथळ डबकी साचतात आणि उन्हाळ्यात बहुधा आटतात. उथळ पाणी लवकर तापत असल्याने त्यातील बेडूकमासे, म्हणजे शेपटी असलेली जलचर पिल्ले, काही आठवड्यांत पाय फुटून जमिनीवर येऊ शकतात. कोरड्या वर्षी ती सारी मरतातही. परंतु डबके आटते म्हणूनच पिल्ले खाणारे पाणकिडे तेथे फारसे टिकत नाहीत, आणि पिल्लांच्या स्पर्धेत वरचढ ठरणारे सामान्य टोडही अशा पाण्यापासून बहुधा दूर राहतात.

विसाव्या शतकात माणसाने नेमकी ही अस्थिरता संपवली. वाळू थोपवण्यासाठी पाइन लावले गेले, किनाऱ्यावर घरे व गोल्फची मैदाने आली. शिवाय 1953 मध्ये ब्रिटनमध्ये पोचलेल्या मिक्सोमॅटोसिस या विषाणुजन्य रोगाने बहुतेक ससे मेल्यामुळे त्यांच्या चरण्याने खुरटे राहणारे गवत माजले, झुडपे वाढली आणि उघड्या जमिनीवर शिकार करणाऱ्या नॅटरजॅकला वावरायलाच जागा उरली नाही. ही हानी केवळ एका बेडकाची नव्हे, हे येथे ठामपणे म्हटले पाहिजे, कारण उघड्या वाळूवर जगणाऱ्या अनेक वनस्पती व कीटकांचा आसराही त्याच वेळी गेला.

1981 च्या वन्यजीव कायद्याने या जातीला संरक्षण मिळाले. तथापि जागा राखून कुंपण घालणे येथे पुरेसे ठरत नाही. झुडपे काढणे, गुरेमेंढ्या चारणे आणि गाळ व गवताने भरत जाणारी डबकी पुन्हा उकरणे ही कामे चालू ठेवावी लागतात. आयर्लंडमधील केरी परगण्यात सरकारने शेतकऱ्यांना मोबदला देऊन त्यांच्या जमिनीत नवी डबकी खणून घेतली, आणि ती उथळ व मोकळी ठेवण्याचे काम त्याच शेतकऱ्यांकडे सोपवले.